मरणाला निमित्त लागते



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणाचा मानतो. २ तारखेला आपण कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो, चिठ्ठ्यांवर नावे लिहून देतो. याच महिन्याचा तिसरा रविवार रस्त्यावरील अपघातांत गेलेल्यांच्या आठवणीसाठी जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी त्याला २००५ साली मान्यता दिली. खारेपाटणच्या माणसाला या दिवसाचे महत्त्व समजावून सांगावे लागू नये. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या उशाशी आहे. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. या रस्त्याने आपली मुले मुंबईला गेली आणि गणपतीला, मे महिन्यात, नाताळात परत आली. काही आली नाहीत.

माणूस गेला की पहिले दोन दिवस रडण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी ओटीवर प्रश्न येतो : कोणामुळे गेला? डॉक्टरमुळे, ड्रायव्हरमुळे, सुनेमुळे, सावकारामुळे. आणि कोणीच सापडले नाही तर मग आपले ठरलेले वाक्य येते, त्याचे दिवस भरले होते, मरणाला काहीतरी निमित्त लागते. आम्ही या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांच्याविषयी थोडे शांतपणे बोलावे असे वाटले. दुसऱ्याच्या मरणाला आपण जबाबदार आहोत, म्हणजे नेमके काय?

आधी शब्दच पाहू. ‘जबाबदार’ म्हणजे जबाब देणारा. ज्याला विचारले असता उत्तर देणे भाग आहे, तो. या शब्दात ‘दोषी’ येत नाही. पण आपण बोलताना कारण, दोष आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकाच मडक्यात घालतो आणि ते खापर कोणा एकाच्या डोक्यावर फोडतो. पाऊस दरड पडण्याचे कारण असतो, पण पावसाला कोणी दोषी म्हणत नाही. लहान मुलाने काडी ओढली आणि घर पेटले, तर कारण ते मूल आहे. दोष त्याचा नाही. उत्तर मात्र कोणीतरी द्यायचे आहे, आणि ते काडेपेटी खाली ठेवणाऱ्या मोठ्या माणसाने द्यायचे आहे. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी ओटीवरची निम्मी भांडणे कमी होतील.

पवित्र शास्त्रात या विषयावर जे आहे ते फार बारकाईने लिहिलेले आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एक साधे उदाहरण येते. दोघे जण रानात लाकडे तोडायला जातात. एक कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याला लागून तो मरतो. वैर नव्हते, हेतू नव्हता. नियमशास्त्र त्याला खुनी म्हणत नाही. पण ‘जा बाबा घरी, तुझा काही दोष नाही’ असेही म्हणत नाही. त्याने शरणपुरात जायचे. अशी सहा नगरे नेमून ठेवली होती, यार्देनेच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. यहोशवाच्या पुस्तकात पुढची रीत सांगितली आहे : त्याने नगराच्या वेशीत उभे राहून तिथल्या वडीलजनांना आपली हकिगत सांगायची आणि त्यांनी त्याला आत घेऊन राहायला जागा द्यायची. त्या वेळचा प्रमुख याजक मरेपर्यंत त्याने तिथेच राहायचे.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ही रीत रानटी काळातली, रक्ताचा सूड टाळण्यासाठी केलेली तडजोड म्हणून शिकलो. ती तशी आहेही. पण अनेक वर्षे लोकांच्या घरी जाऊन बसल्यावर तिच्यातले शहाणपण दिसू लागते. ज्याच्या हातून माणूस गेला, तो कितीही निर्दोष असला तरी पूर्वीसारखा घरी जाऊच शकत नाही. समजा, एखादा टेम्पोचालक आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने चालला आहे आणि घाटीच्या वळणावर एक मूल चेंडूमागे रस्त्यावर धावत येते. पंचनामा होतो, चूक त्याची नाही असे ठरते. पोलीस सोडतात. मालक म्हणतो, उद्यापासून गाडीवर ये. बायको म्हणते, तुझी काय चूक? सगळे खरे बोलत असतात. आणि तो माणूस जेवत नाही.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली असेच ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. त्याचे म्हणणे असे : रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यालाही दुःख होते, पण चालकाचे दुःख त्याहून वेगळ्या जातीचे असते. आपण त्याची समजूत घालतो ते योग्यच. पण तो जर लगेच समजला, हात झटकून दुसऱ्या दिवशी गाडीवर बसला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. म्हणजे त्याचे न जेवणे हा मनाचा आजार नाही. गेलेल्या मुलाची किंमत तो आपल्या परीने मान्य करत असतो. दोष नसतानाही उत्तर देणे उरते, ते हे. त्याला ‘विसर’ म्हणण्यापेक्षा त्याची हकिगत ऐकून घेणारे कोणीतरी वेशीपाशी हवे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. अपघात झाला की चालक पळतो. आपण म्हणतो, पळाला म्हणजे गुन्हेगार. पण तो का पळतो हे सर्वांना ठाऊक आहे. थांबला तर मार खाईल, कदाचित जिवानिशी जाईल. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य घातले आहे. आणि त्याच कलमात अपवाद आहे की जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मते हा अपवाद वाचून आपण मान खाली घालायला हवी. कायदा लिहिणाऱ्यांनी आपल्याला, म्हणजे रस्त्यावर जमणाऱ्या चांगल्या घरच्या माणसांना, धरून चालले आहे. ज्या गाडीतून जखमी सर्वात लवकर कणकवलीला पोहोचला असता, ती गाडी पहिल्या दगडाच्या भीतीने निघून जाते. मग तो तिथेच गेला, तर त्याच्या मरणात दगड उचलणाऱ्याचा वाटा किती? पंचनाम्यात तो कुठेच येत नाही.

जे थांबत नाहीत त्यांचेही असेच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा व कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून केलेल्या नियमांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. तेव्हा ‘नको ती झंझट’ ही सबब आता फारशी उरलेली नाही. भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात पुढे निघून गेलेल्यांपैकी एक जण याजक होता, हे आम्हा धर्मगुरूंना आठवत ठेवावे लागतेच.

इथवर दोष नसलेल्याचे झाले. दोष कुठे सुरू होतो? संत थॉमस अक्विनास याने या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत बसेल इतके सरळ दिले आहे. योग्य काम पुरेशा काळजीने करताना कोणी मेले तर माणूस दोषी नाही. काम मुळात अयोग्य असेल किंवा काळजी घेतलेली नसेल, तर ‘माझ्या मनात नव्हते’ एवढे म्हणून सुटका नाही. आपल्या ख्रिस्तसभेची धर्मशिक्षाही पाचव्या आज्ञेखाली हेच सांगते, आणि दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे असे स्पष्ट नाव घेऊन म्हणते. बांद्याच्या पलीकडून रविवारी रात्री परतणाऱ्या आपल्या तरुणांनी हे कुणाच्या तरी कानावरून घालून घ्यावे. ‘मला तेव्हा काही कळतच नव्हते’ ही सबब जुनीच आहे. ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे की काही ठिकाणी नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा असे, कारण न कळण्याचे कारण तो स्वतःच होता. आपल्याकडे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. शिक्षा वाढवली हे ठीक. तिने किती फरक पडतो याविषयी आम्हाला शंका आहे.

एका हातून होणाऱ्या मरणाचा हिशेब असा लावता येतो. कठीण आहे ते अनेक हातांनी होणारे मरण.

आपल्या भागाने अशी मरणे पाहिली आहेत. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची खास गाडी आपल्या शेजारच्या वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांवर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला. जयगडहून आणि राजापूरहून मुंबईकडे चाललेल्या दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी मोटार अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे. त्यातल्या कित्येकांचे देहही घरच्यांना मिळाले नाहीत. राजापूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे नंतर सरकारतर्फे सांगण्यात आले. मग २ जुलै २०१९ ची रात्र : चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसे गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. काही दिवसांनी राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले की खेकड्यांनी धरण पोखरले.

त्या खेकड्यांवर महाराष्ट्र बरेच दिवस हसला. आम्हाला हसू येत नाही, कारण ‘दिवस भरले होते’ हे आपले वाक्य आणि ते खेकडे यांत फार अंतर नाही. दोन्हींत उत्तर देणारा माणूस नाहीसा होतो.

‘निर्गम’च्या २१ व्या अध्यायात शिंगे मारणाऱ्या बैलाचा नियम आहे. बैलाने माणूस मारला तर बैल मारावा, धनी निर्दोष. पण तो बैल आधीपासून मारका असेल आणि धन्याला तशी ताकीद दिलेली असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर धनीच दोषी. सगळा फरक त्या ताकिदीने पडतो. सांगितले गेल्यानंतर माणूस पूर्वीचा राहत नाही. तिवऱ्याच्या लोकांचे अर्ज म्हणजे ती ताकीद होती. अर्ज ज्या टेबलावर आला, त्या टेबलामागच्या माणसाला त्या क्षणापासून ‘माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. आणि हे फक्त सरकारी टेबलांना लागू नाही. आपल्या आवारातला नारळाचा वठलेला माड शेजाऱ्याच्या पडवीवर झुकला आहे, असे शेजारी दोनदा सांगून गेला असेल. पंपाच्या वायरीचे आवरण गेले आहे हे गड्याने सांगितले असेल. विहिरीला कठडा नसेल. कठड्याविषयी तर ‘अनुवाद’मध्ये वेगळी आज्ञाच आहे : नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. कोणी पडायच्या आधीच हे सांगितले आहे, हे विशेष.

पण पुलाच्या बाबतीत कोण ‘धनी’? तपासणाऱ्याने वरवर पाहिले असेल, वरच्याने सही केली असेल, त्याच्या वरच्याने पैसे पुढच्या वर्षावर ढकलले असतील, ज्यांनी मते मागितली त्यांनी पुलाचे नाव काढले नसेल आणि ज्यांनी दिली त्यांनीही नसेल. सावित्रीच्या बाबतीत असेच घडले असे आम्ही म्हणत नाही. अशी कामे कशी चालतात ते म्हणत आहोत. दहा जणांनी मिळून जमीन घेतली तर प्रत्येकाचा हिस्सा एक दशांश होतो. म्हणून माणसाला वाटते की दोषही तसाच वाटला जात असावा. तसा तो वाटला जात नाही. दहा जणांपैकी कोणीही एकाने ‘थांबा’ म्हटले असते तर गाडी थांबली असती, अशी स्थिती असेल तर प्रत्येकाने पूर्ण उत्तर द्यायचे असते. पापनिवेदनाच्या वेळी कोणी ‘एक दशांश’ पाप सांगत नाही. मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो, ती तोंडपाठ असल्यामुळे तिच्यात काय कबूल करतो आहोत इकडे लक्ष राहत नाही.

त्या रात्री सावित्रीच्या काठी, पुलाशेजारी काम करणाऱ्या एका माणसाच्या ध्यानात आले की पूल गेला. त्याने रस्त्यावर येऊन मागून येणारी वाहने थांबवली. पूल त्याचा नव्हता, सही त्याची नव्हती, पगार त्याचा नव्हता. मागून येणाऱ्या किती जणांचे प्राण त्या माणसाने वाचवले याचा हिशेब कुठेच होणार नाही.

कोणी मारले हे कळतच नसेल तर? त्यासाठीही नियम आहे, आणि तो आम्हाला सर्वात जास्त विचार करायला लावतो. शेतात प्रेत सापडले, मारणारा ठाऊक नाही. अशा वेळी वडीलजनांनी बाहेर येऊन प्रेतापासून भोवतालच्या नगरांचे अंतर मोजायचे. जे नगर सर्वात जवळ, त्याच्या वडीलजनांनी कालवडीचा विधी करून, हात धुऊन, हे रक्त आम्ही पाडले नाही व पाडताना पाहिलेही नाही असे देवापुढे सांगायचे. पिलातानेही हात धुतले. पाणी तेच. पण पिलात आसनावरून हलला नाही, आणि ज्या गोष्टीचा निर्णय त्याच्या हाती होता तिच्यातून त्याने हात काढून घेतले. वडीलजन आधी उन्हात प्रेतापाशी गेले, त्यांनी अंतर मोजले, आणि ‘सर्वात जवळचे आम्ही’ हे मान्य केले. दोष नसताना. महामार्गावर आपल्या हद्दीत एखादा अनोळखी ट्रकवाला, परप्रांतीय मजूर मरून पडतो, तेव्हा सर्वात जवळचे नगर कोणते, हे मोजायला टेप लागत नाही.

आणखी एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांनी ओझे उचलायचे ते मोकळे फिरतात, आणि ज्यांचे ते नाही ते त्याखाली वाकलेले असतात, असे आपल्या घराघरांत दिसते. आईला छातीत दुखत होते, गॅस असेल म्हणून सकाळपर्यंत थांबलो. बांबोळीला न्यायचे की इथेच ठेवायचे, यात दोन तास गेले. मुलगा चार दिवस गप्प होता, मला कळले कसे नाही? अशी वाक्ये सांगणारी माणसे दहा-दहा वर्षे तीच रात्र पुन्हा पुन्हा जगत असतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : आज तुम्हाला जे माहीत आहे ते त्या रात्री माहीत नव्हते. मरण झाल्यावर मागे वळून पाहिले की प्रत्येक खूण स्पष्ट दिसते. त्या वेळी त्या खुणा शंभर साध्या गोष्टींत मिसळलेल्या होत्या. न्याय करायचा तर त्या रात्रीच्या माहितीवर करावा. विशेषतः ज्यांच्या घरी कोणी स्वतःचे जीवन संपवले, त्यांच्याविषयी बाकीच्यांनी ‘कोणामुळे’ हा प्रश्न ओटीवर आणूच नये. देवाने तो आपल्याकडे सोपवलेला नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा लोक त्यांची पापे शोधू लागले होते. प्रभूने त्यांना तिथेच अडवले आणि विचारणाऱ्यांनाच स्वतःकडे पाहायला लावले.

ज्यांचा दोष आहे त्यांनी काय करावे? पापनिवेदनात क्षमा मिळते, यात शंका नाही. पण क्षमेने भरपाईची जबाबदारी संपत नाही, ही आपली जुनी शिकवण आहे, आणि आजकाल ती कोणी फारशी उच्चारत नाही. चोरलेले परत करता येते. जीव परत करता येत नाही. मग काय परत करायचे? विमा कंपनी पैसे देते, ते तिचे काम. विमा कंपनी गेलेल्याच्या घरी जाऊन ओटीवर बसू शकत नाही. कोर्टात काही बोलू नको असे वकील सांगतो, त्याचे बरोबर असेल. तरीही त्या घराच्या मुलाच्या शाळेची फी वर्षानुवर्षे कोणीतरी गुपचूप भरू शकतो. काही घरे दार उघडणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

संस्थेनेही उत्तर देता येते. वैभववाडीनंतर वर्ष होते न होते तोच, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवरूनच घसरली आणि आणखी माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने डोंगरकापांवर जाळ्या घातल्या, उतार कमी केले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला, त्यासाठी वेगळे वेळापत्रक आणले. ते आपल्याला गैरसोयीचे वाटते, गाडी उशिरा पोहोचते म्हणून आपण कुरकुरतो. पावसाच्या रात्री हातात दिवा घेऊन रुळांवरून चालत जाणारा गस्तीचा माणूस मात्र आपल्याला खिडकीतून दिसत नाही, कारण आपण झोपलेले असतो.

येत्या तिसऱ्या रविवारी अपघातात गेलेल्या सर्वांसाठी मिस्सा अर्पण करू. नावांच्या चिठ्ठ्या नेहमीच्या पेटीत टाकाव्यात. गेलेल्यांच्या नावांबरोबर ज्यांच्या हातून कोणी गेले अशा एखाद्याचे नाव कोणाला लिहावेसे वाटले तर तेही लिहावे. फक्त त्यापुढे काही खूण करू नये. वेदीवर सगळी नावे एकाच ताटात ठेवली जातील.

प्रभू येशूमध्ये आपले,
धर्मगुरू